सराव पाठाला आलेल्या छात्रशिक्षकांना शाळेने कसं सांभाळायचं आणि कसं शिकवायचं

"पाठ चांगला झाला. फळालेखन सुधारावे. आवाजात चढउतार हवा. वर्ग नियंत्रण ठेवावे." हे चार शेरे माझ्या स्वतःच्या सराव पाठांच्या वहीत जवळपास प्रत्येक टाचणाखाली, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्याखाली, आहेत आणि पुढे मार्गदर्शक शिक्षक झाल्यावर पहिली काही वर्षं मीही हेच लिहीत होते, कारण असंच लिहितात असं वाटायचं. पण हे वाचून कुणाला दुसऱ्या दिवशीचा तास वेगळा घेता येत नाही. फळालेखन सुधारावे म्हणजे नेमकं काय, अक्षर मोठं काढू की कमी लिहू की फळ्याचे भाग पाडू? वर्ग नियंत्रण ठेवावे हे तर बुडणाऱ्याला पोहावे म्हणून सांगण्यासारखं आहे.

तर शाळेत छात्रशिक्षक, म्हणजे अध्यापक महाविद्यालयात शिक्षक व्हायचं शिकणारे विद्यार्थी, सरावासाठी येणार असतील आणि तुमच्याकडे दोघंतिघं सोपवले जाणार असतील तर काय काय करायचं ते मी माझ्या अनुभवातून सांगते. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती आधीच सांगून टाकते. छात्रशिक्षकाला सुरुवातीला वर्ग दिसतच नाही. त्याला दिसतं ते टाचण, फळा, घड्याळ आणि मागे बसलेले आपण. समोरची मुलं काय करतायत हे त्याला दिसायला लागलं की बाकीचं बरंचसं त्याचं तो सुधारतो, आणि त्याला ते दिसायला लावणं हेच मार्गदर्शकाचं खरं काम.

येण्याआधीची तयारी

मार्गदर्शक कोणाला करायचं हा मुख्याध्यापकांचा निर्णय असतो आणि इथेच बऱ्याचदा चूक होते. सगळ्यात सीनियर कोण किंवा कोणाला ऑफ तास जास्त आहेत हे बघून नावं टाकली जातात. मी तर म्हणेन की आधी विचारा, तुमच्या तासाला रोज कोणी मागे बसून बघत राहिलं तर चालेल का? ज्याला हे चालतं तोच चांगला मार्गदर्शक होतो, मग नोकरीला सात वर्षं झालेली असोत की सत्तावीस. ज्याला आपल्या वर्गात दुसरं कोणी नकोच असतं तो उत्तम शिक्षक असू शकतो पण छात्रशिक्षकाला त्याच्याकडे देऊ नका, दोघांनाही त्रास होतो.

एका मार्गदर्शकाकडे दोनपेक्षा जास्त जण नकोत. तिसरा आला की चर्चा बंद पडते आणि फक्त सह्या उरतात, हे मी इतक्या वेळा बघितलंय. आणि वेळापत्रकात मार्गदर्शक आणि छात्रशिक्षक दोघांचा एक सामायिक मोकळा तास आठवड्यातून निदान दोनदा ठेवाच. हे सुरुवातीला नाही केलं तर नंतर कधीच जमत नाही, मग बोलणं होतं ते जिन्यात, मधल्या सुट्टीत, एक हात वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवून. ज्या शाळेत हा तास वेळापत्रकात छापलेला असतो तिथे मार्गदर्शन होतं, नसतो तिथे शेरे लिहिले जातात.

शाळेतल्या एकाच व्यक्तीकडे समन्वयाचं काम द्या, बहुतेक ठिकाणी पर्यवेक्षक करतात. कॉलेजशी बोलणं, कोण कुठल्या वर्गावर, कोण आजारी, कोणाचे पाठ मागे पडलेत हे सगळं तिथून चालावं. कॉलेजकडून आधीच लेखी घ्या की किती पाठ व्हायला हवेत, निरीक्षण कोणी करायचं, गुण कोण देणार. गुण शाळेने द्यायचे की कॉलेजने हे धूसर राहिलं तर शेवटच्या आठवड्यात कटकटी होतात.

पहिल्याच दिवशी सांगायच्या काही गोष्टी असतात आणि त्या मुलांच्या सुरक्षेच्या आहेत म्हणून त्यात सवलत नाही. मुलांचे फोटो, व्हिडिओ काढून कुठे टाकायचे नाहीत, मुलांना स्वतःचा मोबाइल नंबर द्यायचा नाही, एकट्या मुलाला बंद खोलीत थांबवून घ्यायचं नाही, कुणावर हात उगारायचा नाही, आणि एखाद्या मुलाने घरचं काही गंभीर सांगितलं तर ते पोटात न ठेवता त्याच दिवशी मार्गदर्शकाला सांगायचं. हे एका कागदावर देऊन तोंडानेही समजावून सांगा.

आणि एक साधी गोष्ट, स्टाफरूममध्ये त्यांना बसायला खुर्ची आणि पिशवी ठेवायला जागा द्या. मुलांसमोर त्यांना नेहमी सर, मॅडम म्हणा. आपण "ए, तो खडू आण गं" असं वर्गात म्हटलं की मुलं पाच मिनिटांत ओळखतात की ह्या काही खऱ्या मॅडम नाहीत, आणि मग तिने कितीही चांगलं टाचण आणलं तरी तिचा तास कठीण जातो.

पहिला आठवडा नुसतं बसवू नका

सुरुवातीचे काही दिवस छात्रशिक्षकांनी आपले तास बघायचे असतात. बहुतेक ठिकाणी ते मागच्या बाकावर बसतात, वहीत घटकाचं नाव, प्रस्तावना, हेतुकथन (आज काय शिकायचं ते सांगणं) असं लिहितात आणि कंटाळतात. डॅन लॉर्टी नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७५ साली एक फार नेमकी गोष्ट मांडली होती, की शाळा संपेपर्यंत विद्यार्थ्याने शिक्षकांना समोर बघत सुमारे १३,००० तास काढलेले असतात, त्यामुळे शिकवणं म्हणजे काय हे आपल्याला माहीतच आहे असं प्रत्येकाला वाटतं. पण हे सगळं बघणं बाकावरून झालेलं असतं. शिक्षिका बोलता बोलता एकदम थांबली ते दिसतं, का थांबली ते बाकावरून दिसत नाही.

म्हणून बघायला बसवताना प्रत्येक तासाला एक काम द्या, एकच. आज फक्त एका मुलीकडे बघा, पूर्ण तास ती काय करते, कधी लिहिते, कधी खिडकीबाहेर बघते, कधी शेजारणीच्या वहीत डोकावते. उद्या फक्त माझे प्रश्न लिहा आणि उत्तर कोणी दिलं त्याचं नाव. परवा फक्त तासाची पहिली चार मिनिटं, मी दारातून आत आल्यापासून सगळे कामाला लागेपर्यंत काय काय झालं. मग तासानंतर आपण आपल्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगायचं. "दुसरं उदाहरण मी मध्येच सोडलं ते बघितलंत का, कारण तिघांनी पहिलंच चुकवलं होतं, तिथेच परत जावं लागलं." अनुभवी शिक्षक तासाभरात असे कितीतरी निर्णय घेतो आणि इतके झटपट घेतो की त्याला स्वतःला आठवतही नाहीत, ते बोलून दाखवल्याशिवाय छात्रशिक्षकाला कळणार कसे?

याच आठवड्यात बैठक व्यवस्थेचा नकाशा काढायला सांगा, कोण कुठे बसतं त्याच्या चौकटी आणि नावं. नावं पाठ झाली की अर्धी लढाई जिंकली. "ए निळ्या पिशवीवाल्या" आणि मुलाचं नाव यात वर्गाच्या दृष्टीने फार फरक आहे.

वर्ग एकदम हाती देऊ नका

काही शाळांत सोमवारी ओळख आणि मंगळवारी पूर्ण तास, असं चालतं. पोहायला शिकवायची ही पद्धत नव्हे. मी असं करते, छात्रशिक्षिकेला आधी हजेरी घ्यायला द्यायची, मग तासाच्या शेवटची पाच मिनिटं उजळणी, मग एका गटाला मदत, मग माझ्याच तासातला एक तुकडा, म्हणजे प्रस्तावना तिची आणि पुढचं माझं किंवा उलट, मग दोघींनी मिळून एक पूर्ण तास, आणि त्यानंतर तिचा स्वतंत्र तास. काहींना हे सगळं चार दिवसांत जमतं, काहींना दोन आठवडे लागतात, सगळ्यांना एकाच वेगाने ढकलायचं कारण नाही.

कॉलेजात त्यांनी सूक्ष्म अध्यापन केलेलं असतं. ही कल्पना १९६३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढली, थोडी मुलं, पाचदहा मिनिटं, एकच कौशल्य, मग अभिप्राय आणि तोच तुकडा परत. कॉलेजात ते बहुतेक वेळा सहाध्यायीच मुलं होऊन करतात, पण शाळेत खरी मुलं असतात म्हणून त्याचा खरा उपयोग इथे होतो. प्रश्न विचारण्यात कोणी अडखळत असेल तर पूर्ण तास परत घ्यायला लावू नका, दुसऱ्या तुकडीत फक्त तेवढी सात मिनिटं परत घ्यायला द्या, त्याच दिवशी शक्य असेल तर फारच उत्तम.

टाचण बघताना

टाचण आदल्या दिवशी बघायचं, तासाच्या दहा मिनिटं आधी दारात उभं राहून सही करण्यात अर्थ नाही कारण तेव्हा बदल करायला वेळच नसतो, उलट तिचा धीर जातो. आणि बघायचं म्हणजे लाल पेनने पूर्ण नवं लिहून द्यायचं असंही नाही. आपण आपलं टाचण तिच्या हातात दिलं की ती आपला तास म्हणून दाखवते, पाठ केल्यासारखा, आणि मध्ये एखाद्या मुलाने वेगळाच प्रश्न विचारला की तिच्याकडे काहीच उरत नाही.

मी तीन प्रश्न विचारते. ह्या मिनिटाला तुम्ही हे सांगताय, तेव्हा मुलं काय करत असतील? यात मुलं नेमकी कुठे चुकतील? आणि त्यांना आलंय हे तुम्हाला कसं कळेल? पहिल्या प्रश्नाला हमखास उत्तर येतं, "ऐकत असतील". मग आपण विचारायचं, किती वेळ? एकोणीस मिनिटं? मग ती स्वतःच गप्प होते आणि टाचणात एक कृती घालते. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर नवीन माणसाला येत नाही कारण मुलं कुठे चुकतात हे पुस्तकात लिहिलेलं नसतं, ते आपल्याला वर्षानुवर्षं वह्या तपासून कळलेलं असतं. इथे मात्र हातचं राखू नका, सांगून टाका. अपूर्णांकांची बेरीज घेणार असेल तर सांगा की मुलं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतात, १/२ + १/३ चं उत्तर २/५ लिहितात, त्याची तयारी ठेवा. जुन्या वह्या दाखवा. मार्गदर्शकाकडे छात्रशिक्षकाला देण्यासारखं जे काही आहे त्यातलं सगळ्यात मोलाचं मला हेच वाटतं.

तास बघताना कुठे बसायचं, काय लिहायचं

मागच्या बाकावर बसू नका. तिथून मुलांच्या फक्त पाठी दिसतात आणि शिकवणाऱ्याचा चेहरा दिसतो, म्हणून मग शेरेही शिकवणाऱ्यावरच लिहिले जातात, आवाज, हातवारे, अक्षर. बाजूला, पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात भिंतीला लागून बसा, मुलांचे चेहरे आणि वह्या दिसल्या पाहिजेत.

डाव्या बाजूला वेळ आणि उजवीकडे जे घडलं ते, बस. मत लिहायचं नाही. चांगलं, वाईट, प्रभावी, कमी पडले, हे शब्दच नकोत. माझ्या वहीतलं एक पान असं आहे, सहावीचा वर्ग, अपूर्णांकांची बेरीज:

११:०५ – फळ्यावर १/२ + १/३. "छेद वेगळे आहेत, मग काय करायचं?" एक सेकंदही न थांबता स्वतःच उत्तर.
११:०९ – चार प्रश्न, चारही उत्तरं पुढच्या दोन बाकांवरून.
११:१४ – "समजलं का?" सगळे "होऽऽ".
११:१४ – खिडकीकडची रांग, तिसरा बाक. वहीत २/५. मॅडम जवळ आल्यावर तळहात वहीवर ठेवला.
११:१६ – पुढचं उदाहरण.

एवढंच. पण हे पान म्हणजे पूर्ण तास आहे.

प्रश्नानंतर किती थांबलं हे मी मुद्दाम मोजते. विज्ञान शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या रेकॉर्डिंगवरून दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी साधारण १ सेकंदच थांबतात, आणि तेच ३ सेकंद किंवा जास्त थांबायला लागले की मुलांची उत्तरं लांब होतात, गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण नवीन शिक्षकाला वर्गातली ती शांतता जीवघेणी वाटते आणि ती भरून काढायला तो स्वतःच उत्तर देतो. म्हणून हे नुसतं सांगून होत नाही, मोजून दाखवावं लागतं. कोण किती बोलतं हे मोजायचं असेल तर नेड फ्लँडर्सची पद्धत आहे, दर ३ सेकंदांनी वर्गात काय चाललंय त्याचा आकडा लिहायचा, एकूण १० प्रकार, त्यातले ७ शिक्षकाच्या बोलण्याचे, २ विद्यार्थ्यांच्या आणि १ शांततेचा किंवा गोंधळाचा. पूर्ण तास हे करणं दमवणारं आहे पण दहा मिनिटं करून बघा, आकड्यांची रांगच सांगते की मुलांना तोंड उघडायला जागा मिळाली का.

तास चालू असताना मध्ये बोलायचं नाही. अगदी चुकीचं काही शिकवलं जात असेल तर? आधीच एक खूण ठरवून ठेवा, मी पेन वर केलं की तुम्ही मुलांना एक मिनिट वहीत लिहायला सांगून माझ्याकडे या. मग हळू सांगा, दुरुस्ती तीच करेल. उभं राहून "मॅडम, ते चुकलंय" म्हणणं म्हणजे त्या वर्गातला तिचा पुढचा महिना घालवणं. मुलांना दुखापत होण्यासारखं काही असेल तर अर्थातच लगेच उठायचं, तिथे खुणा वगैरे नाहीत.

तासानंतरचं बोलणं

हे त्याच दिवशी झालं पाहिजे, पंधरावीस मिनिटं, दार लावून, इतर शिक्षक ऐकत नसताना. तासाआधी बोलणं, तास बघणं, मग लिहिलेल्याचा विचार करून परत बोलणं, हा क्रम मॉरिस कोगन आणि रॉबर्ट गोल्डहॅमर यांनी हार्वर्डमध्ये असताना छात्रशिक्षकांबरोबर काम करताकरताच बसवला, अजूनही मला त्याहून सोपं काही सापडलेलं नाही.

पहिला प्रश्न "कसा वाटला तास?" हा विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं, "ठीक झाला मॅडम" नाहीतर डोळ्यात पाणी. मी वही मध्ये ठेवते आणि एका नोंदीवर बोट ठेवते. त्या अपूर्णांकाच्या तासानंतर तो घेणाऱ्या छात्रशिक्षिकेशी बोलणं साधारण असं झालं होतं.

"सव्वाअकराच्या सुमाराला समजलं का विचारलंत, तेव्हा वर्ग काय म्हणाला?"

"हो म्हणाला, सगळ्यांना समजलं होतं."

"खिडकीकडे तिसऱ्या बाकावर हे होतं." मी २/५ दाखवलं.

ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे याने वरचे वर आणि खालचे खाली मिळवले. पण मी तर म्हटलं होतं छेद वेगळे आहेत."

"हो, म्हटलं होतंत. त्याच्या हाताकडे लक्ष गेलं होतं का?"

"नाही. मी त्याच्या बाकाजवळूनच गेले ना?"

"जवळूनच."

मग मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने तिनेच सांगितलं, उद्या समजलं का असं विचारणारच नाही, सगळ्यांना वहीत एक गणित करायला देईन आणि पहिली दोन मिनिटं खिडकीकडून फिरेन. आणि २/५ कुणाचंही नाव न घेता फळ्यावर लिहून विचारेन की हे अर्ध्यापेक्षा लहान आहे, मग अर्ध्यात काहीतरी मिळवून उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं? हे शेवटचं मला सुचलं नव्हतं, तिला सुचलं.

त्या पानावर अजून पुष्कळ होतं, पुढच्या दोन बाकांचं, न थांबण्याचं, फळ्यावरच्या गर्दीचं. ते मी त्या दिवशी काढलं नाही. एका वेळी एक गोष्ट, फार तर दोन. आपल्याला दहा दिसतात आणि दहाही सांगायची फार उबळ येते, पण दहा गोष्टी घेऊन ती घरी जाते तेव्हा तिच्या मनात एकच उरते, मला जमत नाही. अभिप्राय दिला की सुधारणा होतेच असंही नाही बरं का, क्लुगर आणि डिनिसी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९९६ साली अनेक अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानंतर काम उलट बिघडलं होतं, आणि बोलणं कामावरून माणसावर गेलं की असं होण्याचा धोका वाढतो असं त्यांचं म्हणणं. "तुमच्यात आत्मविश्वास कमी आहे" हे माणसावर बोलणं झालं. "११:०५ला उत्तर तुम्हीच दिलंत" हे कामावर.

गुण असतील तर ते ह्या बोलण्यात आणू नका. रूथ बटलर यांचा १९८८ चा प्रयोग शाळेतल्या मुलांवर होता, ज्यांना फक्त लेखी टिपणी मिळाली त्यांचं काम सुधारलं आणि ज्यांना टिपणीबरोबर गुणही मिळाले त्यांच्यावर टिपणीचा परिणाम झालाच नाही, कारण नजर गुणांवर जाते. मोठ्यांचंही तेच होतं, मी बघितलंय, ३० पैकी २२ दिसले की पुढचं कोणी ऐकत नाही, सगळं लक्ष ते ८ कुठे गेले तिकडे. म्हणून जे पाठ गुणांसाठी बघायचे ते वेगळे ठेवा, दिवस आधी सांगा, आणि बाकीचे पाठ निव्वळ शिकण्यासाठी.

पुढच्या वेळी बघायला जाल तेव्हा जे ठरलं होतं तेच आधी बघा. हे केलं नाही तर तिला वाटतं की बोलणं हवेतच गेलं.

वर्ग हाताबाहेर जातो तेव्हा

जाणारच, प्रत्येकाचा जातो. माझ्याकडच्या एका छात्रशिक्षकाने सातवीच्या तासाला सलग वीस मिनिटं "शांत बसा" म्हटलं, मी मोजलं, २३ वेळा. तास संपल्यावर तो व्हरांड्यात उभा राहून मला म्हणाला, मला नाही वाटत मी शिक्षक होईन. अशा वेळी वही उघडायची नाही. पाणी द्या, बसवा, आणि उद्या सकाळी बोलू म्हणा. शिक्षणाच्या अभ्यासक फ्रान्सिस फुलर यांनी १९६९ पासूनच्या लेखनात मांडलंय की शिकाऊ शिक्षकाची काळजी आधी स्वतःबद्दल असते, मी निभावेन का, मुलं मला मानतील का, नंतर ती शिकवण्याच्या कामाकडे जाते आणि सगळ्यात शेवटी मुलांच्या शिकण्याकडे. जो पहिल्या पायरीवर आहे त्याला तिसऱ्या पायरीवरचं बोलून काही उपयोग होत नाही, आधी त्याचे पाय टेकू द्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही फक्त एकाच गोष्टीवर बोललो, तो कुठे उभा होता. पूर्ण तास फळ्यासमोर दीड मीटरच्या पट्ट्यात. जेकब कूनिन यांनी १९७० च्या सुमाराला वर्गांचं चित्रीकरण बघून सांगितलं होतं की चांगल्या आणि वाईट चालणाऱ्या वर्गांतला फरक गोंधळ झाल्यावर शिक्षक काय करतो त्यात फारसा नसतो, तो आधीच्या गोष्टींत असतो, म्हणजे शिक्षकाचं सगळीकडे लक्ष आहे हे मुलांना जाणवतं का, आणि एका कामातून दुसऱ्या कामात जाताना वेळ रेंगाळतो का. तेव्हा आम्ही ठरवलं की सूचना द्यायची तेव्हा दारापाशी उभं राहायचं, सगळे बघेपर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि वह्या वाटून झाल्यावर काम सांगत बसायचं नाही, काम आधीच फळ्यावर असलं पाहिजे. पुढच्या तासाला "शांत बसा" ९ वेळा आलं. मी त्याला तेवढाच आकडा कागदावर लिहून दिला, ९.

शाळेने जे करू नये

छात्रशिक्षक म्हणजे फुकटचे बदली शिक्षक नव्हेत. हे मी जरा जोरात लिहितेय कारण माझ्या स्वतःच्या सराव पाठांच्या काळात, मी जिथे होते त्या शाळेत, पहिल्या आठवड्यात मला तीन दिवस रजेवरच्या शिक्षकांच्या तासांवर पाठवलं, कुठल्याही विषयाला, कुठल्याही इयत्तेला, एकटीला. दहावीच्या एका वर्गात मी पस्तीस मिनिटं नुसती उभी होते. कोणी बघायला आलं नाही, नंतर कोणी विचारलंही नाही. त्या तीन दिवसांत मी एकच शिकले, ओरडायचं कसं, आणि ती सवय सुटायला पुढे दोन वर्षं गेली.

तेव्हा बदली तास द्यायचाच असेल तर त्यांच्याच वर्गावर, त्यांच्याच विषयाचा, आणि शेजारच्या वर्गात कोण आहे हे सांगून. निकालपत्रकं भरणं, डेटा एंट्री, कार्यक्रमाची सजावट, यात थोडी मदत करायला हरकत नाही, शाळा कशी चालते तेही कळायला हवंच, पालक सभेला मागे बसू द्या, वह्या तपासायला द्या. पण दिवसाचा मोठा भाग त्यातच जात असेल तर समन्वयकाने थांबवलं पाहिजे, छात्रशिक्षक स्वतः नाही म्हणू शकत नाही, त्याचे गुण आपल्या हातात असतात.

कॉलेजचे मार्गदर्शक आणि शाळेतले मार्गदर्शक यांचं म्हणणं वेगळं पडतं तेव्हाही मधल्यामधे तोच भरडला जातो. कॉलेजचे सर म्हणतात टाचणात सगळ्या पायऱ्या हव्यात, आपण म्हणतो एवढं लिहून काय करायचंय. त्याच्यासमोर असं बोलू नका. तिघांनी एकदा, मध्यावर, एकत्र बसा, एक तास दोघांनी मिळून बघा आणि नोंदी जुळतात का बघा. आणि कोणाचं खरंच जमत नसेल, वेळेवर येत नाही, टाचण नाही, मुलांशी वागणं बरं नाही, तर ते मध्यावरच लेखी सांगा, काय सुधारलं पाहिजे आणि कुठल्या तारखेपर्यंत. शेवटच्या दिवशी पहिल्यांदा कळणं हा अन्याय आहे आणि गोड बोलून पास करणं हा पुढच्या मुलांवरचा अन्याय.

शेवटचे काही दिवस

शेवटच्या आठवड्यात मी एक तास उलटा करते, मी शिकवते आणि छात्रशिक्षक बाजूला बसून वेळ आणि घडलेलं लिहितो, आपण जसं लिहायचो तसंच. मग त्याने माझ्यासमोर वही ठेवायची आणि मला प्रश्न विचारायचे. पहिल्या आठवड्यातल्या आणि ह्या नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या की दिसतं किती फरक पडलाय. त्या अपूर्णांकवाल्या छात्रशिक्षिकेने माझ्या तासाला लिहिलं होतं, "१२:२१ – मागच्या भिंतीजवळची दोघं, मॅडम फळ्याकडे वळल्या की लिहिणं थांबतं." माझ्या कधीच लक्षात आलं नव्हतं. त्या दोघांना मी दुसऱ्या दिवशी पुढे आणलं.

वर्ग परत घेतानाही एकदम घेऊ नका, जसा दिला तसाच दोनतीन दिवसांत हळूहळू घ्या. मुलांना त्यांच्या जाण्याची तारीख आधी सांगा, लहान वर्गांत तर हे फारच गरजेचं आहे. तपासलेल्या वह्या, कोणाचा कुठला घटक कच्चा राहिला त्याची यादी, बैठकीचा नकाशा हे सगळं त्यांच्याकडून लिहून घ्या, आपल्याला लागतं. आणि कॉलेजला जाणारा अहवाल लिहाल तेव्हा निरीक्षण वहीतल्या तारखा आणि नोंदी धरून लिहा, तो पाठवण्याआधी छात्रशिक्षकाला वाचायला द्या, त्यावर त्याला काही म्हणायचं असेल तर खाली दोन ओळींची जागा ठेवा, आणि मगच सही करा.